कुठलं हेलिकॉप्टर किती उचलतं? हेवी लिफ्ट हेलिकॉप्टरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नाशिकरोडचा. इथल्याच गांधीनगरच्या लष्करी तळावरून उडणारी चीता-चेतक ही छोटी हेलिकॉप्टर बघत मोठा झालो, त्यामुळे हेलिकॉप्टरचं वेड लहानपणापासूनचं. ओळखीतले, मित्रांचे मित्र, शाळेतली पोरं सगळे फिरून फिरून तेच प्रश्न पाठवतात, म्हणून एकदाच सगळं लिहून काढलंय. प्रश्नांना नंबर दिलेत, एका उत्तरात दुसऱ्याचा संदर्भ आला तर नंबर बघून तिकडे जा.

१. जगात सगळ्यात जास्त वजन उचलणारं हेलिकॉप्टर कुठलं?

आजच्या घडीला जे खरोखर रोजच्या कामात आहेत त्यात रशियाचं एमआय-२६. २० टन, पोटात घाला नाहीतर हुकाला लटकवा. १९७७ च्या डिसेंबरात पहिल्यांदा उडालं आणि त्याच्या पुढे जाणारं अजून कोणी कारखान्यातून काढलेलं नाही.

पण "आजपर्यंतचं सगळ्यात जास्त" असं विचाराल तर उत्तर बदलतं. ६ ऑगस्ट १९६९ ला सोव्हिएत व्ही-१२ ने ४४,२०५ किलो वजन घेऊन २,२५५ मीटर उंची गाठली. ५५ वर्षं उलटली, विक्रम तिथेच आहे. व्ही-१२ चं पुढे काय झालं ते प्रश्न १७ मध्ये.

२. बाकीचे मोठे कोणते आणि त्यांचे आकडे काय?

एमआय-२६ च्या खालोखाल अमेरिकेचं सीएच-५३के किंग स्टॅलियन, हुकाला जास्तीत जास्त ३६,००० पौंड म्हणजे १६.३ टन. त्याचा आधीचा भाऊ सीएच-५३ई सुपर स्टॅलियन, १९८१ पासून सेवेत, कागदावर तोही ३६,००० पौंडच (हा घोळ प्रश्न ९ मध्ये सोडवलाय). मग चिनूक सीएच-४७एफ, मधल्या हुकाला २६,००० पौंड म्हणजे ११.८ टन. मग स्कायक्रेन, मॉडेलप्रमाणे ९ ते ११.३ टन. आपण टीव्हीवर पुरात, बर्फात सतत बघतो ते एमआय-१७ व्ही५ साधारण ४ ते साडेचार टनांचं, म्हणजे ते या पंगतीत बसत नाही, ते मध्यम वजनाचं.

रशियाचं जुनं एमआय-६ पण लक्षात ठेवा, १९५७ साली उडालेलं, पोटात १२ टन. त्या काळात बाकी जगाकडे याच्या जवळपास जाणारं काही नव्हतं.

३. प्रत्येक साइटवर वेगळा आकडा का दिसतो? एकीकडे चिनूक १० टन, दुसरीकडे १२, तिसरीकडे १३.

तीन कारणं आहेत आणि तिन्ही एकात एक गुंतलेली आहेत. पहिलं म्हणजे टन. अमेरिकन टन २,००० पौंडांचा असतो म्हणजे ९०७ किलो, आपला टन १,००० किलोचा. ३६,००० पौंड हे त्यांचे १८ टन आणि आपले १६.३. बातमी लिहिणारा घाईत "१८ टन" उचलतो आणि तोच आकडा पुढे फिरत राहतो. चिनूकचे ते "१३" असेच आले, २६,००० भागिले २,०००.

दुसरं म्हणजे हूक किती सहन करतो आणि हेलिकॉप्टर किती उचलतं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हूक, त्याची चौकट आणि ती ज्या बॉडीला बसवलीय ती बॉडी किती ताण घेऊ शकते हा एक आकडा. इंजिन आणि रोटर (वरचा फिरणारा पंखा) त्या दिवशी त्या हवेत किती जोर लावू शकतात हा दुसरा. यातला जो लहान तो खरा.

तिसरं कारण सगळ्यात फसवं, ते खाली प्रश्न ४ मध्ये वेगळं घेतो.

४. कंपनी सांगते तेवढा माल खरंच नेता येतो का?

बहुतेक वेळा नाही, आणि यात कंपनी खोटं बोलते असं पण नाही. बोईंग चिनूकसाठी २४,००० पौंड म्हणजे १०.९ टन "युजफुल लोड" सांगते. युजफुल लोड म्हणजे रिकाम्या हेलिकॉप्टरवर आपण जे जे चढवतो ते सगळं, त्यात माल आला, माणसं आली आणि इंधन पण आलं. टाक्या पूर्ण भरल्या तर साधारण ३ टन इंधन. म्हणजे पूर्ण टाकीवर माल ७-८ टनच उरतो.

एमआय-२६ चं गणित तर स्वतः करून बघा. जास्तीत जास्त उड्डाण वजन ५६ टन, रिकामं २८.२ टन, उरले २७.८. त्यातले २० टन माल घेतला तर इंधन, पायलट, बाकी सामान सगळ्यासाठी ७.८ टन राहतात. हे धूड तासाला ३ टनांच्या आसपास इंधन पितं आणि थोडं राखीव ठेवावं लागतं, म्हणजे २० टन घेऊन दोन तास सुद्धा लांबचे झाले. लांब जायचं तर माल कमी करा, माल जास्त तर जवळच उतरा. माझ्या मते कुठल्याही "किती टन" च्या पाठोपाठ "किती किलोमीटर" विचारल्याशिवाय त्या आकड्याला काही अर्थ नाही.

यातून एक पळवाट सीएच-५३ ने काढलीय, त्याला पुढे लांब नळी असते आणि उडता उडता टँकर विमानाकडून इंधन घेता येतं, मग निघताना टाकी अर्धी ठेवून माल जास्त घ्यायचा आणि वाटेत भरायचं.

५. लेह-लडाखला गेलं की क्षमता एवढी कमी का होते?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून जरा सविस्तर.

हेलिकॉप्टर वर राहतं कारण रोटर हवा खाली ढकलतो. हवा पातळ झाली की ढकलायला वस्तूच कमी, मग तेवढाच जोर मिळवायला ती जास्त वेगाने ढकलावी लागते आणि त्याला जास्त ताकद लागते. आणि नेमकं त्याच वेळी इंजिन पण धापा टाकतं, कारण त्यालाही जाळायला हवाच लागते. म्हणजे खर्च वाढला आणि त्याच महिन्यात पगार कापला असा प्रकार.

आकड्यात बघू. लेहचा विमानतळ ३,२५६ मीटरवर आहे. उन्हाळ्यात दुपारी २७ अंश तापमान धरलं तर तिथली हवा समुद्रकिनाऱ्याच्या प्रमाण हवेच्या (हिशोबासाठी ठरवलेल्या सरासरी हवेच्या) साधारण ६४ टक्के दाट भरते. तेवढंच वजन हवेत एका जागी धरून ठेवायला ताकद साधारण पाव पट जास्त लागते, आणि इंजिनची ताकद मात्र एक तृतीयांशाच्या आसपास घटलेली असते. त्यात उष्णतेचा वाटा लोक विसरतात. लेहची ती दुपारची हवा प्रत्यक्षात ४,३०० मीटरवरच्या प्रमाण हवेएवढी पातळ असते, म्हणून पहाडातले पायलट पहाटे उडतात आणि दुपारच्या आत काम उरकतात.

आणि हे फक्त हिमालयातच नाही बरं का. नागपुरात मे महिन्यात ४५ अंश असतं तेव्हा तिथली हवा १,४०० मीटर उंचीच्या प्रमाण हवेएवढी पातळ असते, म्हणजे हेलिकॉप्टरच्या हिशोबाने नागपूर महाबळेश्वरच्या उंचीवर जाऊन बसतं, फक्त गारवा सोडून.

एमआय-२६ ची जमिनीपासून दूर, हवेत स्थिर उभं राहण्याची मर्यादा साधारण १,८०० मीटर धरतात. २० टनांचा आकडा खालच्या हवेतला आहे हे त्यातून समजतं. तिकडे मोठमोठे आकडे बाजूला ठेवून बघा, जगातल्या हेलिकॉप्टरचा १२,४४२ मीटरचा उंचीचा विक्रम १९७२ साली फ्रान्सच्या 'लामा' नावाच्या हेलिकॉप्टरने केला, आणि आपला चीता म्हणजे त्याच लामाची इथे परवान्यावर बनलेली आवृत्ती. एवढंसं हेलिकॉप्टर, पण सियाचीनच्या उंच चौक्यांवर जिथे एमआय-२६ चं काही चालत नाही तिथे हे थोडं थोडं करून सामान पोचवत आलंय.

६. मग भारतासाठी चिनूक चांगलं की एमआय-२६? आपण तर दोन्ही घेतली.

१९८६ साली आपण एमआय-२६ घ्यायला सुरुवात केली, एकूण ४ आली, चंदीगडला ठेवली. त्यातलं एक २०१० च्या डिसेंबरात जम्मूत कोसळलं. जम्मू-काश्मीरमध्ये रेल्वेचं काम चालू होतं तेव्हा जिथे रस्ताच नाही अशा ठिकाणी बुलडोझर आणि खोदाईची यंत्रं या हेलिकॉप्टरने पोचवली. २०१३ च्या उत्तराखंडच्या प्रलयात गौचरला इंधन आणि यंत्रं नेली. हे काम आपल्याकडचं दुसरं कुठलंच हेलिकॉप्टर करू शकलं नसतं.

मग बदली म्हणून स्पर्धा झाली, त्यात एमआय-२६ चीच नवी आवृत्ती आणि चिनूक समोरासमोर आले आणि चिनूक जिंकलं. सप्टेंबर २०१५ ला १५ चिनूकचा करार झाला, फेब्रुवारी २०१९ मध्ये पहिली खेप मुंद्रा बंदरात उतरली आणि २५ मार्च २०१९ ला चंदीगडला ती हवाई दलात दाखल झाली.

लोक म्हणतात २० टनांचं सोडून ११ टनांचं कशाला घेतलं. मला हा निर्णय बरोबर वाटतो. आपलं जड काम आहे डोंगरात, आणि डोंगरात प्रत्येक फेरीला २० टन लागत नाहीत, लागते ती ४ टनांची एम७७७ तोफ, तिचे गोळे आणि तिची माणसं एका पहाडावरून दुसऱ्यावर पटकन नेणं. चिनूक हे सगळं एका फेरीत करतं, तोफ हुकाला आणि माणसं पोटात. ते लहान जागेत उतरतं, मागचा दरवाजा उघडून कड्याच्या टोकावर नुसती मागची चाकं टेकवून माणसं उतरवतं. एप्रिल २०२२ मध्ये आपल्या एका चिनूकने चंदीगड ते जोरहाट १,९१० किलोमीटर साडेसात तासात न थांबता कापले. पण एकच १५ टनांचं यंत्र, जे सुटं होत नाही, ते न्यायचं असेल तर चिनूक हात जोडतं, तिथे एमआय-२६ ला पर्याय नाही.

७. माल पोटात घालणं चांगलं की हुकाला लटकवणं?

पोटात माल असेल तर वेगाने जाता येतं, इंधन कमी लागतं, वाऱ्याची भीती कमी. पण चढवा-उतरवायला वेळ लागतो आणि उतरायला सपाट जागा लागते. हुकाला लटकवलं तर उतरायची गरजच नाही, वरून ठेवलं, हूक सोडला, निघालं. किंमत म्हणजे वेग. लटकणारी वस्तू हवा अडवते, झुलते, म्हणून सावकाश जावं लागतं.

जमिनीवर हूक अडकवणाऱ्या जवानांना आणखी एक धोका असतो. रोटर हवा कापत असतो तेव्हा हेलिकॉप्टरवर स्थिर वीज साठते, कोरड्या धुळीत आणि बर्फात जास्तच. थेट हात लावला तर जबरदस्त झटका. त्यासाठी एक जण जमिनीला जोडलेली दांडी आधी हुकाला टेकवतो, मग दुसरा अडकवतो.

चिनूकला तीन हूक असतात, पुढे-मध्ये-मागे. लांबलचक वस्तू पुढच्या आणि मागच्या हुकाला मिळून बांधली की ती गोल फिरत नाही, सरळ राहते, त्यामुळे जोरात जाता येतं. किंवा तीन वेगळ्या ठिकाणचे तीन वेगळे बोजे एकाच फेरीत.

८. जेसीबी नेता येईल का?

आपल्या लोकांचा आवडता प्रश्न, आणि चांगला प्रश्न आहे. आपण रस्त्यावर बघतो तो पिवळा जेसीबी साधारण साडेसात टन. वजनाने बघाल तर एमआय-२६ दोन नेईल, चिनूक एक नेईल. पण चिनूकचं पोट साधारण ९ मीटर लांब, २.२९ मीटर रुंद आणि १.९८ मीटर उंच आहे, त्यात जेसीबीचं केबिन सुद्धा शिरणार नाही. एमआय-२६ चं पोट १२ मीटर लांब, सव्वातीन मीटर रुंद आणि जवळपास ३ मीटर उंच, तिथे पण मागचा खोदायचा हात दुमडून उभा केल्यावर उंची अडते, तो सुटा करावा लागेल. म्हणून अशी यंत्रं एकतर हुकाला नाहीतर सुटी करून नेतात आणि वर जाऊन जोडतात.

२०२४ मध्ये केदारनाथला थार गाडी चिनूकमधून गेली तेव्हा लोकांना वाटलं एवढ्या मोठ्या हेलिकॉप्टरला ती काय जड. वजनाने काहीच नाही, पावणेदोन टनांच्या आसपास. पण थारची उंची बघा आणि वरचे १.९८ मीटर बघा, मध्ये वीतभर पण जागा उरत नाही. वजन बसणं आणि माल मावणं या वेगळ्या परीक्षा आहेत, दोन्ही पास व्हाव्या लागतात.

९. सीएच-५३ई आणि सीएच-५३के दोघांचा आकडा ३६,००० पौंड, मग नवीन कशाला बनवलं?

कारण तो आकडा थंड हवेतला, समुद्रसपाटीचा, आणि जवळच्या अंतराचा आहे. अमेरिकन नौदलाची परीक्षा वेगळी असते, ३,००० फूट उंची, ३३ अंश तापमान, आणि ११० सागरी मैल जाऊन माल टाकून परत यायचं. या परीक्षेत के आवृत्ती २७,००० पौंड म्हणजे १२.२ टन नेते आणि जुनी ई आवृत्ती त्याच्या एक तृतीयांशाच्या आसपास अडकते. रोटरचा व्यास दोघांचा तोच, ७९ फूट. फरक आला ७,५०० अश्वशक्तीच्या तीन नवीन इंजिनांनी, नवीन कंपोझिट पात्यांनी आणि गिअरबॉक्सने. कमाल आकडा तोच राहिला पण खऱ्या जगातला आकडा तिप्पट झाला, प्रश्न ५ चं याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

२०१५ ला पहिल्यांदा उडालं, २०२२ मध्ये अमेरिकन मरीन कोअरने सेवेसाठी तयार म्हणून जाहीर केलं, इस्रायलने पण मागणी नोंदवलीय.

१०. चिनूकला शेपटीचा पंखा नाही, त्याचा उचलायला फायदा होतो का?

होतो. एकच मुख्य रोटर असेल तर हेलिकॉप्टर स्वतः उलट्या दिशेला गरगर फिरायला बघतं, त्याला रोखायला शेपटीचा पंखा. हा पंखा इंजिनच्या ताकदीचा साधारण दहावा हिस्सा खातो आणि वजन उचलायला काहीच मदत करत नाही. एमआय-२६ चा शेपटीचा पंखा ७.६ मीटर व्यासाचा आहे, रॉबिन्सन आर-२२ नावाच्या छोट्या हेलिकॉप्टरचा मुख्य रोटर पण तेवढाच असतो! चिनूकचे दोन्ही रोटर एकमेकांच्या उलट फिरतात त्यामुळे सगळी ताकद उचलण्यातच जाते. शिवाय माल थोडा पुढे-मागे ठेवला तरी चालतं, दोन टोकांना दोन आधार असल्यासारखं.

मग सगळेच तसं का करत नाहीत? कारण दोन रोटर म्हणजे दोन गिअरबॉक्स, मध्ये लांब शाफ्ट, आणि पुढच्या रोटरने घुसळलेली हवा मागच्याला मिळते. फुकट काही मिळत नाही.

११. स्कायक्रेनला पोटच नाही, असं हेलिकॉप्टर कशासाठी?

सिकोर्स्की कंपनीने १९६२ साली उडवलेलं, कण्यासारखी एक तुळई, वर इंजिन, पुढे केबिन, बाकी रिकामं. पोटाच्या पत्र्याचं वजन वाचलं तेवढा माल वाढला. यात एक खुर्ची मागे तोंड करून असते, तिथे बसलेला पायलट थेट मालाकडे बघत हेलिकॉप्टर चालवतो. मला हे डिझाइन फार आवडतं, कारण कामाला जे लागतं तेवढंच ठेवलंय.

१९७५ साली टोरोंटोच्या सीएन टॉवरच्या टोकावरच्या अँटेनाचे तुकडे एका स्कायक्रेनने एकावर एक ठेवले. १९९३ च्या मे महिन्यात वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलच्या घुमटावरचा ब्राँझचा पुतळा, वजन साधारण ६.८ टन, दुरुस्तीसाठी खाली उतरवला आणि ऑक्टोबरात परत वर बसवला, ते पण स्कायक्रेननेच. आज ही हेलिकॉप्टर जंगलातले वणवे विझवायला आणि लाकूड वाहायला वापरतात.

१२. स्वतःच्या वजनापेक्षा जास्त उचलणारं हेलिकॉप्टर आहे का?

आहे, के-मॅक्स. रिकामं वजन साधारण २,३३० किलो, हुकाला २,७२० किलो. दोन रोटर एकमेकांच्या पात्यांमधून फिरतात, धडकत नाहीत. एकच माणूस बसतो. टनांच्या शर्यतीत ते कुठेच नाही, पण स्वतःच्या दर किलोमागे किती उचललं असं मोजलं तर वरचे बहुतेक मागे पडतात. तुलना करा, एमआय-२६ रिकामं २८ टन आणि उचलतं २०. के-मॅक्सचं उत्पादन थांबवायचं कंपनीने २०२३ मध्ये जाहीर केलं, वाईट वाटलं.

१३. एक हेलिकॉप्टर दुसऱ्या हेलिकॉप्टरला उचलू शकतं का?

उचलतात, बंद पडलेलं परत आणायचा डोंगरात तोच मार्ग असतो. २००२ साली अफगाणिस्तानात पडलेलं अमेरिकेचं चिनूक एका भाड्याच्या एमआय-२६ ने लटकवून आणलं. सप्टेंबर २०२१ मध्ये कॅलिफोर्नियाच्या डोंगरात १२,००० फुटांच्या आसपास पडलेलं नौदलाचं हेलिकॉप्टर सीएच-५३के ने खाली आणलं, आणि २०२२ च्या डिसेंबरात त्यानेच एका एफ-३५ लढाऊ विमानाचा सांगाडा लटकवून नेला. उचलण्याआधी इंधन काढतात आणि जे सुटं करता येईल ते सुटं करतात.

१४. हुकाचा माल झुलायला लागला तर काय करतात?

आधी वेग कमी करतात. ऐकलं नाही तर सोडून देतात. हे ऐकायला क्रूर वाटतं पण पर्याय नसतो, झुलणारा माल हेलिकॉप्टरला स्वतःबरोबर खेचतो. ३१ ऑगस्ट २०२४ ला केदारनाथजवळ हेच झालं. हवाई दलाचं एमआय-१७ एक बिघडलेलं खासगी हेलिकॉप्टर लटकवून नेत होतं, ते डोलायला लागलं आणि तोल जातोय हे बघून पायलटने मोकळ्या जागी ते सोडून दिलं. कोणाला इजा झाली नाही. व्हिडिओ बघून लोक हसले, मला मात्र तो निर्णय अचूक वाटतो, काही सेकंदात माणसं वाचवली.

सोडलेलं हेलिकॉप्टर रिकामं असल्याने वजनाने फार नव्हतं. पण त्याचा आकार हवा पकडणारा. दाट जड ठोकळा शांत लटकतो, हलकी आणि पसरट वस्तू पतंगासारखी वागते, त्यामुळे हुकावर कधी कधी ४ टनांपेक्षा १ टन अवघड जातो.

१५. सांगितलेल्या क्षमतेपेक्षा जास्त उचलतात का?

कधी कधी, आणि फार हिशोबाने. १९९९ च्या ऑक्टोबरात सैबेरियात गोठलेल्या मातीचा एक भलामोठा ठोकळा, आत मॅमथचे अवशेष, साधारण २३ टनांचा, एमआय-२६ ने लटकवून खटांगा गावी आणला. थंडगार दाट हवा, सखल प्रदेश, म्हणजे प्रश्न ५ मधलं सगळं त्यांच्या बाजूने होतं.

चाकांच्या हेलिकॉप्टरला आणखी एक सोय असते. सरळ वर न उठता विमानासारखं धावपट्टीवर पळत पळत उठायचं, पुढचा वेग आला की रोटरला ताजी हवा मिळते आणि तेवढ्याच ताकदीत जास्त वजन उचललं जातं. पण मग उतरताना पण पट्टी लागते, आणि हुकाला माल असेल तर हे शक्यच नाही.

बेहिशेबी भरणं मात्र जीवघेणं. १९ ऑगस्ट २००२ ला चेचन्यात खानकाला तळाजवळ एमआय-२६ क्षेपणास्त्राने पाडलं गेलं, ८० च्या आसपास माणसांची जागा असलेल्या हेलिकॉप्टरमध्ये १४० हून जास्त जण होते, १२७ गेले.

एक इंजिन बंद पडलं तर काय असं पण याच संदर्भात विचारतात. दोन इंजिनांच्या हेलिकॉप्टरमध्ये उरलेलं इंजिन काही वेळ जास्त जोर लावून दोघांचं काम ओढतं, पण ते माल हलका असेल किंवा पुढे वेग असेल तर. पूर्ण माल लटकवून डोंगरात स्थिर उभं असताना एक गेलं तर माल सोडावाच लागतो. सीएच-५३ ला तीन इंजिनं असल्याने एक गेल्यावर पण दोन तृतीयांश ताकद हातात राहते.

१६. खाली उभं राहिलं तर वारा किती लागतो? आणि गडावर मोठं हेलिकॉप्टर उतरवता येईल का?

रोटरच्या खाली हवेचा वेग किती हे वजन आणि रोटरचं क्षेत्रफळ यावर ठरतं. कागदावर मांडलं तर पूर्ण वजनाच्या चिनूकखाली ताशी ९५ किलोमीटरच्या आसपास, एमआय-२६ खाली १२०, आणि सीएच-५३के खाली १३५. गंमत बघा, सगळ्यात जड एमआय-२६ पण सगळ्यात जास्त वारा त्याचा नाही, कारण त्याचा रोटर ३२ मीटरचा अवाढव्य आहे आणि वजन जास्त जागेवर वाटलं जातं. आणि हे वादळ कितीतरी पसरतं, पत्रे, ताडपत्र्या, खडी सगळं उडतं.

गडाचं म्हणाल तर रायगडाचं उदाहरण समोर आहे. होळीच्या माळावर हेलिकॉप्टर उतरलं की धूळ आणि कचरा महाराजांच्या पुतळ्यावर उडतो म्हणून शिवभक्तांचा विरोध आहे, आणि २०२१ च्या डिसेंबरात राष्ट्रपती रामनाथ कोविंद आले तेव्हा ते रोपवेनेच गडावर गेले. ती प्रवासी हेलिकॉप्टर होती. एमआय-२६ च्या वाऱ्यात जुन्या सैल चिऱ्यांचं काय होईल याचा विचार पण नको वाटतो. जड सामान न्यायचंच तर लांब दोराला लटकवून, हेलिकॉप्टर उंच ठेवून, हा एक मार्ग असतो.

याचाच जोडप्रश्न एका मुलाने पाठवला होता, जंजिऱ्यावरची कलालबांगडी तोफ कोण उचलेल? तिचं वजन २२ टन सांगतात. चिनूक असतील तर दोन हवीत आणि दोन हेलिकॉप्टरने एक वस्तू उचलणं हा धोकादायक प्रकार आहे. सीएच-५३के ला जमणार नाही. एमआय-२६ ची क्षमता २०, आणि मुरुडची हवा सैबेरियासारखी थंड नाही, तेव्हा तेही नाही. व्ही-१२ ने मात्र सहज उचलली असती.

१७. मग व्ही-१२ बंद का केलं? आणि आता ३०-४० टनांचं कोणी बनवत का नाही?

व्ही-१२ म्हणजे दोन बाजूंना दोन पंख आणि त्यांच्या टोकांना एमआय-६ सारखे दोन रोटर, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ६७ मीटर. चार इंजिनं, १०५ टन उड्डाण वजन. ते बनवलं होतं प्रचंड क्षेपणास्त्रं दूरच्या, रस्ते नसलेल्या तळांवर न्यायला. हेलिकॉप्टर तयार होईपर्यंत ती गरजच मागे पडली. १९७१ ला पॅरिसच्या एअर शोमध्ये जगाने बघितलं, तोंडात बोटं घातली, आणि नंतर कार्यक्रम थांबला.

मोठं बनवण्यात खरी अडचण गिअरबॉक्सची. रोटर जेवढा मोठा तेवढा तो सावकाश फिरवावा लागतो, नाहीतर पात्यांची टोकं आवाजाच्या वेगाला जाऊन भिडतात. सावकाश फिरवायचं आणि ताकद तर प्रचंड द्यायची म्हणजे गिअरवर येणारा पीळ बेफाम वाढतो. एमआय-२६ च्या मुख्य गिअरबॉक्सचंच वजन साडेतीन टनांवर आहे, एका मोठ्या हत्तीच्या जवळपास जाणारी ही पेटी दोन इंजिनांची मिळून २०,००० हून जास्त अश्वशक्ती एकाच दांड्यावर आणते. पाती पण लांबली की स्वतःच्या वजनाने वाकतात, आणि एमआय-२६ ला तर आठ पाती आहेत. अमेरिकेने पण १९७० च्या दशकात एक्ससीएच-६२ नावाचं महाकाय हेलिकॉप्टर करायला घेतलं होतं, ते उडण्याआधीच पैसे थांबले.

शिवाय ४० टनांचं एकसंध काहीतरी, रस्ता नसलेल्या जागी, तातडीने, असं काम वर्षातून किती वेळा निघतं? जग बहुतेक वेळा रस्ता करून ट्रेलर आणतं, नाहीतर वस्तू सुटी करून फेऱ्या मारतं. व्ही-१२ ची एकूण दोनच बनली. एक मॉस्कोजवळ मोनिनोच्या संग्रहालयात उघड्यावर उभं आहे, आणि त्याच्याखाली उभ्या असलेल्या माणसांचे फोटो बघितले की त्याच्या आकाराची कल्पना येते.